एकशे पंधरा लोकल

चला, आज एक गाडी भरू या. मुंबईची बारा डब्यांची लोकल, संध्याकाळी पावणेसातची. दादरला दारातून आत शिरण्याआधी छातीतली हवा बाहेर सोडून द्यावी लागते, तसली. अशा एका गाडीत पाच हजार माणसं कोंबून मावतात. आजच्यापुरतं हेच आपलं माप. धान्याला पायली, दुधाला लिटर, तशी माणसांना एक लोकल.

या मापानं देशातले तुरुंग मोजायचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी छापतो. ३१ डिसेंबर २०२२ या दिवशी, म्हणजे बाहेर लोक नव्या वर्षाचे फटाके उडवत होते तेव्हा, देशातल्या १,३३० तुरुंगांत माणसं होती ५,७३,२२०. भागा पाच हजारांनी. ११५ लोकल! एकामागे एक, बफरला बफर लावून उभ्या केल्या, तर पहिलीचं तोंड सीएसएमटीला आणि शेवटचीचा गार्ड भांडुपच्या पुढे. सायन, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, सगळीकडे रुळावर फक्त या गाड्या आणि सगळ्या खच्चून भरलेल्या.

थांबा, खरी गंमत पुढे आहे. या सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता किती? ४,३६,२६६. म्हणजे सत्तावीस लोकल भरतील इतकी माणसं अशी, की ज्यांच्यासाठी जागाच बांधलेली नाही. तरी ती आत आहेत. कुठे? दुसऱ्याच्या जागेत. आदर्श कारागृह नियमावली माणशी चाळीस चौरस फूट जागा सांगते. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची कागदावरची क्षमता वर्षानुवर्षं ८०४ होती आणि आत माणसं तीन हजारांच्या वर. करा हिशेब. माणशी पावणेअकरा चौरस फूट. तुमच्या घराचं मुख्य दार बिजागऱ्यांतून काढा, जमिनीवर आडवं ठेवा आणि त्यावर दोघांना झोपवा. कूस बदलायची तर दोघांनी एकदम.

आणि या ११५ गाड्यांमधल्या ८७ गाड्यांवर पाटी आहे 'अजून ठरायचंय'. हे कच्चे कैदी. सरकारी मराठीत न्यायाधीन बंदी. ४,३४,३०२ माणसं. खटला चालू आहे, किंवा चालू व्हायचाय, किंवा तारीख पडलीय. महाराष्ट्रात त्या दिवशी आत होते ४१,०७०, त्यातले कच्चे ३२,८८३. हा आकडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतोय ना? वानखेडे स्टेडियम! तिथे साधारण तेहतीस हजार प्रेक्षक बसतात. सगळे स्टँड खच्चून भरलेले, आणि त्यातल्या एकालाही अजून कोणी दोषी ठरवलेलं नाही.

ही झाली एका दिवसाची मोजणी. उभ्या नदीचा फोटो काढावा तशी. पण नदी वाहते. २०२१ साली देशभरातल्या तुरुंगांत दाखल झालेल्यांच्या नोंदी अठरा लाखांच्या आसपास आहेत. अख्खा गोवा, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, मुलाबाळांसकट तुरुंगात टाकला तरी हा आकडा भरणार नाही, दोन-तीन लाख माणसं सिंधुदुर्गातून उसनी आणावी लागतील. अठरा लाख भागिले ३६५? ४,९३१. म्हणजे रोज एक लोकल! रविवारी मेगाब्लॉक नाही, गणपतीला सुट्टी नाही. रोज एक भरलेली गाडी तुरुंगाच्या दाराशी येऊन उतरते, आणि रोज जवळजवळ तेवढीच माणसं हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर पडतात.

आता बाहेर पडू या. कारण सरकारी मोजणी दाराच्या आतल्यांची होते. दाराबाहेरची माणसं कुठल्याच रकान्यात नाहीत. प्रत्येक बंद्यामागे आई, बायको, दोन पोरं, अशी चारच माणसं धरा. हा माझा अंदाज, आणि कंजूष अंदाज. तरी आकडा जातो तेवीस लाखांच्या जवळ. या तेवीस लाखांना मुलाखतीच्या रांगेत उभं करू. तुरुंगाच्या भाषेत भेटीला 'मुलाखत' म्हणतात, नोकरीशी तिचा संबंध नाही. रांगेत माणशी दीड फूट, आधार कार्ड हातात, नंबर कधी येईल याकडे डोळे. नुसत्या आतल्यांची रांग लावली तर ती मुंबईहून रेल्वेमार्गानं पुणे ओलांडून, हडपसर-उरुळी मागे टाकून, दौंडच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर थांबते. आणि घरच्यांची? ती पुण्याकडे बघतसुद्धा नाही. नाशिकवरून, भुसावळवरून, अकोल्यावरून नागपूर गाठते, गोंदियाही सोडते आणि छत्तीसगढात शिरते. हजार किलोमीटरच्या वर!

या रांगेतली एकच बाई बाजूला घेऊ. मनातली बाई आहे, पण अशा पुष्कळ आहेत. राहणार साताऱ्याची. मुलगा पुण्यात कामाला गेला, पुण्यातच गुन्हा नोंदला गेला, येरवड्यात आहे. सातारा ते येरवडा साधारण एकशे दहा किलोमीटर. जाऊन-येऊन दोनशे वीस. आठवड्याला एक खेप. बावन्न खेपा. ११,४४० किलोमीटर! मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचा धरला, तर तो तिनं वर्षात शहात्तर वेळा तुडवला. हेच अंतर तिनं आडवं न जाता उभं खणलं असतं तर? आपल्याकडची पन्नास फुटी विहीर घ्या. अशा साडेसात लाख विहिरी एकीखाली एक. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे एका वर्षात ही बाई साताऱ्यात खणायला लागून पृथ्वीच्या पोटातून पार पलीकडे निघायला अवघे तेराशे किलोमीटर उरले असते.

आणि या विहिरीला पाणी किती लागलं? एका मुलाखतीची वीस मिनिटं धरू. मध्ये काच, कानाला फोन, शेजारी आणखी दहा जण त्याच वेळी आपापल्या माणसाशी ओरडून बोलताहेत. वीस गुणिले बावन्न, १,०४० मिनिटं. सतरा तास वीस मिनिटं. वर्षभराची भेट एका दिवसात संपते आणि झोपायला सहा तास चाळीस मिनिटं उरतात! क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर कसोटीच्या तिसऱ्या दिवसाचा खेळ संपायला चाळीस मिनिटं असताना. त्यातली पहिली पाच मिनिटं 'जेवलास का' मध्ये जातात आणि शेवटची पाच 'वकील काय म्हणाला' मध्ये.

जाता जाता एक गोष्ट. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. माझ्या मते कैद्यांच्या कुटुंबांना मिळालेली अलीकडची सर्वात मोठी सवलत हीच. त्या योजनेच्या नावात कैदी नाही, तुरुंग नाही, आणि ती जाहीर करताना हे कोणाच्या मनातही नसेल. पण बावन्न खेपांची अर्धी भाडी वाचली की नाही?

एसटीवरून आठवलं. तुरुंगात लहान मुलंही राहतात. आई आत असेल आणि बाहेर सांभाळणारं कोणी नसेल, तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याबरोबर राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली आर. डी. उपाध्याय प्रकरणात त्यांच्या दुधाची, पाळणाघराची, शाळेची नियमावलीच घालून दिली. २०२२ अखेर अशी मुलं होती १,७६४. चव्वेचाळीस आसनांच्या लालपरीत बसवा. एक, दोन, दहा, वीस... चाळीस गाड्या! चाळीसच्या चाळीस भरल्या आणि तरी चार पोरं फलाटावर उरली. त्यांना पुढे कंडक्टरच्या सीटवर घ्या. ही आतली. बाप आत आणि आपण बाहेर, अशी मुलं किती? त्यासाठी एसटीची अख्खी आगारं लागतील. या मुलांना बापाला हात लावता यावा म्हणून महाराष्ट्राच्या कारागृह विभागानं 'गळाभेट' नावाचा उपक्रम काढला. काच नाही, जाळी नाही, पोरगं सरळ मांडीवर. सरकारी उपक्रमाला इतकं नेमकं नाव क्वचितच पडतं.

पैशांकडे वळू. इथे आकडे लहान होत जातात, आणि लहान आकडेसुद्धा दम काढतात हे आज मला नव्यानं कळलं.

शिक्षा झालेला, म्हणजे पक्का कैदी आत काम करतो. सुतारकाम, हातमाग, बेकरी, शिलाई, शेती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात ही मजुरी वाढली आणि कुशल कैद्याची दिवसाची कमाई ६७ वरून ७४ रुपये झाली. चौऱ्याहत्तर! आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. ज्या मुलांचे पालक सांभाळू शकत नाहीत त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. कैद्यांची मुलंही तिच्यात बसतात. महिन्याला २,२५० रुपये. तीसनं भागा. पंचाहत्तर! बाप आत दिवसभर रंधा मारून कमावतो त्याहून त्याच्या पोराच्या नावावर दिवसाला एक रुपया जास्त जमा होतो. कुठल्याही दोन खात्यांनी बसून ठरवलेलं नाही. आकडे आपले आपण जुळले.

पण पोराचं दप्तर आलं, तरी बहिणीचं लग्न आहे, घराचं छप्पर आहे, आईचं ऑपरेशन आहे. कमावता आत गेला की घर सावकाराच्या दारात उभं राहतं. शेकडा पाच. गावात हा दर काही फार चढा मानत नाहीत. पन्नास हजार काढले तर महिन्याचं व्याज अडीच हजार, वर्षाचं तीस हजार. आतल्या बापाला नुसतं व्याज फेडायचं असेल तर ३०,००० भागिले ७४. उत्तर ४०५ दिवस. वर्षात दिवस किती? ३६५! म्हणजे आषाढी, दिवाळी, आजारपण, रविवार काहीही न पाळता वर्षभर रंधा मारला, एक पैसा कँटीनमध्ये खर्च केला नाही, तरी वर्ष संपताना मुद्दल जिथल्या तिथे आणि व्याजाचे चाळीस दिवस अंगावर. या विहिरीला तळच नाही.

आता दुसरं गणित. १ मे २०२२ ला, महाराष्ट्र दिनी, येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची योजना सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज देणार. तारण नको, जामीनदार नको. तारण एकच, त्याची पुढे मिळणारी मजुरी. व्याज सात टक्के. तेच पन्नास हजार, व्याज वर्षाला ३,५००. भागिले ७४. सत्तेचाळीस दिवस! ४०५ आणि ४७. तोच माणूस, तोच रंधा, तेच पन्नास हजार. दीड महिन्याच्या कामात व्याज फिटलं आणि उरलेले दिवस मुद्दलाला मोकळे. एखाद्या बँक अधिकाऱ्याला, जो माणूस निदान काही वर्षं पळून जाणार नाही याची भिंतीसकट खात्री आहे, त्याला कर्ज द्यायची कल्पना सुचली, याचं मला कौतुक वाटतं.

घरचं झालं, मनाचं काय? नियमावली म्हणते, पाचशे बंद्यांमागे एक मानसतज्ज्ञ हवा. पावणेसहा लाखांना हवेत १,१४६. 'इंडिया जस्टिस रिपोर्ट'च्या २०२५ च्या अंकानं देशातल्या सगळ्या तुरुंगांतले मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मोजले. आकडा ऐकण्याआधी बसून घ्या. पंचवीस. हजार नाही, शंभर नाही, पंचवीस! रुग्णांना ११५ लोकल लागल्या, आणि त्यांचे तज्ज्ञ एका एसटीत बसून एकोणीस जागा रिकाम्या. एकाच्या वाट्याला २२,९२९ माणसं, साडेचार लोकल. त्यानं प्रत्येकाला अर्धाच तास दिला, रोज आठ तास न थकता ऐकलं, वर्षाचे तीनशे दिवस काम केलं, तर पहिल्याची दुसरी पाळी कधी? पावणेपाच वर्षांनी. 'मागच्या वेळी तुम्ही झोप लागत नाही म्हणाला होतात, आता कसं आहे?'

ही पोकळी थोडीफार भरून काढतात ती स्वयंसेवी माणसं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कच्च्या कैद्यांमध्ये काम करतो. अमरावतीची 'वऱ्हाड' कैद्यांच्या मुलांसाठी झटते. त्यांच्या कामाला लोकल, एसटी असलं कुठलंच माप लागत नाही. एक सामाजिक कार्यकर्ता बराकीत जातो आणि विचारतो, 'घरी कळवलंय का?' पुष्कळदा उत्तर 'नाही' असतं. मग तो फोन लावतो. वकील मिळवून देतो. तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानंच दिलाय, पण हे सांगायलाही कोणीतरी आत जावं लागतं. मग रेशन कार्ड, पोराचा शाळेचा दाखला, सुटल्यावर रात्रीपुरती जागा, महिन्याभरात काम. एका वेळी एक माणूस, एका वेळी एक कागद.

आणि आता ज्या आकड्यापाशी मी अडकलो, तो. पेन्सिलीचं टोक पुन्हा करून घ्या.

न्यायालयानं जामीन दिलाय, हुकूम झालाय, दार उघडायला हरकत नाही, पण रोख रक्कम नाही किंवा जामीनदार मिळत नाही म्हणून आतच बसलेले लोक. २०२२ संपताना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं देशभरातून अशांची यादी जमवली, तेव्हा ती भरली ५,०२९. एक लोकल! बरोबर एक, आणि एकोणतीस जण दारात लटकलेले. महाराष्ट्रातले त्यात ७०३.

पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आणली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत, पक्क्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत. देशाला मिळून वर्षाला वीस कोटी. वीस कोटी ऐकायला भरभक्कम. पण एका बंद्यावर, जेवण-कपडे-औषध सगळं धरून, देशात तेव्हा सरासरी दिवसाला १२१ रुपये खर्च होत होते. ४,३४,३०२ कच्चे कैदी गुणिले १२१. रोज सव्वापाच कोटी! वीस कोटी म्हणजे त्यांच्या सोमवार ते गुरुवारच्या पोटापाण्याचा खर्च, तोही गुरुवारच्या संध्याकाळच्या चपात्या उधार ठेवून. आणि या वीस कोटींसाठीसुद्धा राज्यांना आठवणीची पत्रं पाठवावी लागली.

आता ती एक लोकल आणि हे वीस कोटी समोरासमोर आणा. ५,०२९ जणांपैकी प्रत्येकाचा जामीन कमाल मर्यादेचा, चाळीस हजारांचा धरला. प्रत्यक्षात पुष्कळांचा त्याहून खूप कमी असतो, पण धरू. एकूण २० कोटी ११ लाख. आणि यांना बाहेर न सोडता वर्षभर आत ठेवलं, जेवू घातलं, तर? ५,०२९ गुणिले १२१ गुणिले ३६५. २२ कोटी २१ लाख! मी तीनदा गुणाकार केला. ठेवायला बावीस, सोडायला वीस. आणि बावीस कोटी खाऊन संपतात, पण रोख जामिनाची रक्कम, माणूस तारखांना हजर राहिला तर, परत येते. उसनी दिलेली वाटी.

एवढ्या आकड्यांनंतर एक अगदी लहान आकडा. अठ्ठावीस.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंध संस्थानात पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश माणसाच्या कल्पनेतून उभी राहिलेली कैद्यांची वसाहत. भिंत नाही. शेती करायची, आणि बायको-मुलांना घेऊन तिथेच राहायचं. शेजारच्या शेटफळ्याच्या गदिमांनी यावर कथा लिहिली, व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा कैदी, बारा हात, बर्लिनपर्यंत गाजला. आणि मूळ स्वतंत्रपूर अजून चालू आहे. क्षमता अठ्ठावीस. एका लोकलच्या डब्यातल्या एका कोपऱ्यात उभी राहतील एवढी माणसं. इथे मुलाखतीची रांग नाही, साडेसात लाख विहिरी नाहीत, सतरा तास वीस मिनिटं नाहीत.

शेवटचा गुणाकार. महाराष्ट्रात तालुके ३५८. प्रत्येक तालुक्याला एकच स्वतंत्रपूर, आटपाडीएवढंच, मोठं नाही. ३५८ गुणिले २८. दहा हजार चोवीस! आणि राज्यात शिक्षा झालेले पक्के कैदी किती? आठ हजारांच्या आसपास. सगळ्यांनाच खुल्या वसाहतीत पाठवता येत नाही हे मलाही कळतं, नियम आहेत, गुन्हे गुन्ह्यांसारखे नसतात. पण गणित म्हणून बघा तरी. सगळे मावले, आणि दोन हजार जागा रिकाम्या राहिल्या.